पांढऱ्या गाडीतले साहेब आणि क्वेसी सर

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तालमीच्या मैदानाजवळ एक पांढरी गाडी येऊन थांबली. सगळं तिथून सुरू झालं.

त्या गावात फुटबॉलचं भारी वेड. प्रत्येक पेठेची एक तालीम आणि प्रत्येक तालमीचा एक संघ. त्यातल्या एका तालमीत मुलांना खेळ शिकवायला क्वेसी नावाचा माणूस होता. आफ्रिकेतल्या घाना देशाचा. एके काळी तो आपल्या देशाकडून सेंटर फॉरवर्ड खेळायचा. उतरत्या वयात या तालमीकडून दोन हंगाम खेळायला आला. गुडघा गेला, खेळ सुटला, पण तो इथंच राहिला.

पेठेतल्या बायकांचा त्याच्यावर विश्वास नव्हता.

"देशाकडून खेळलेला माणूस आपल्यात एक खोली घेऊन राहील व्हय?" शालनमावशी म्हणायच्या. "काहीतरी करून पळून आला असणार."

त्याच्या भिंतीला देशाचा जुना, विटका टी-शर्ट टांगलेला होता. "असला बाजारात पण मिळतो," मावशी म्हणायच्या.

सारिकालाही तसंच वाटायचं. तिची बारा वर्षांची समृद्धी त्याच्याकडे शिकायला जायची. सारिका रोज मैदानाच्या पायरीवर बसून राहायची. क्वेसी मुलीशी दोन शब्द जास्त बोलला, तरी ती उठून उभी राहायची.

पांढऱ्या गाडीतून उतरले विश्वजीत साहेब. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, सगळ्या बायकांना ताई. मोठ्या अकादमीसाठी मुलं निवडायला आलोय, म्हणाले. त्यांनी दोन दिवस मुलांचा सराव बघितला, म्हणजे खुर्चीत बसून फोनवर बोलले. मंगळवारी त्यांनी अकरा मुलं निवडली. त्यात समृद्धीचं नाव होतं.

"आधी दिल्लीला शिबिर, मग परदेशातली अकादमी," साहेब म्हणाले. "एक रुपया नको. फक्त मुलांचे मूळ दाखले आणि आधार कार्ड उद्या सकाळी दहापर्यंत द्या. परवा निघायचं. आई-वडिलांनी सोबत यायची काही गरज नाही."

पेठेत पेढे वाटले गेले. समृद्धीनं तर बॅगसुद्धा भरली. सारिकानं मात्र दाखल्यांचं पाकीट अजून कपाटातून काढलं नव्हतं.

दिवेलागणीला क्वेसी तिच्या दारात आला. उंबऱ्याच्या बाहेरच थांबला.

"वहिनी, मुलगी पाठवू नका."

"का वो? तुमची शिकवणी बंद पडंल म्हणून?"

"मी पंधरा वर्षांचा होतो. आमचं कोळ्यांचं गाव. असाच माणूस आला. चांगले कपडे. माझे कागद घेतले. परक्या शहरात, थंडीत, स्टेशनवर सोडून गेला. दोन वर्षं मासळी बाजारात टोपल्या धुतल्या. मग एका छोट्या संघानं खेळायला घेतलं. पुढं नऊ वर्षं देशाकडून खेळलो. लोकांनी खांद्यावर घेतलं. पण माझ्याबरोबर आणखी चार मुलं होती, वहिनी. ती कुठं आहेत, मला अजून माहीत नाही."

"हे खरं कशावरून?" सारिकानं विचारलं.

क्वेसी हसला. "नका ठेवू विश्वास. पण माझ्यावर जेवढा संशय घेता, त्याच्या निम्मा त्याच्यावर घ्या. तो म्हणतो, मुलगी निवडली. म्हणजे खेळ बघितला असेल. विचारा त्याला, समृद्धी कोणत्या पायानं गोल मारते?"



बुधवारी सकाळी तालमीच्या दारात टेबल मांडलं होतं. दहा मुलांचे दाखले साहेबांच्या फाईलमध्ये गेले. सारिका सगळ्यात शेवटी आली. हातातलं पाकीट तिनं सोडलं नाही.

"साहेब, आमची समृद्धी कोणत्या पायानं गोल मारती?"

"उजव्या!" साहेब लगेच म्हणाले. "काय किक आहे, ताई! नुसती तोफ!"

मुलं फिदीफिदी हसली. समृद्धी गोलकीपर होती. तिनं जन्मात एक गोल मारला नव्हता.

मग हसणं थांबलं. शालनमावशींनी टेबलावरची फाईल उचलली आणि पदराखाली धरली.

"तुमच्या हापिसात फोन लावून द्या," त्या म्हणाल्या. "आम्ही बोलतो, मग फाईल देतो."

"गाडीतून कार्ड आणतो," असं म्हणून साहेब गाडीकडे गेले. गाडी निघाली ती परत दिसली नाही.

समृद्धी दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बूट घालून सरावाला गेली. सारिकाही जाऊन पायरीवर बसली, पण आता तिला कसंतरीच वाटत होतं.

"सर, मी इथं पहारा दिल्यासारखी रोज बसते," ती म्हणाली. "तुम्हाला राग न्हाई येत?"

"बसा, वहिनी. रोज बसा," क्वेसी म्हणाला. "माझी आई पण आली होती सोडायला. त्या माणसानं तिला रस्त्यावरूनच परत पाठवलं."

तात्पर्य: लेकराला शिकवणाऱ्याचा रंग आणि कपडे बघू नका. जो घाई करतो आणि आईला लांब ठेवतो, त्याच्यावर आधी संशय घ्या. आई बघत बसली तरी ज्याला चालतं, त्याच्याकडेच लेकरू सोपवा.

ही गोष्ट वाचून नुसती ठेवून देऊ नका. शेजारच्या घरातल्या आईला आजच सांगा, आणि तिला म्हणावं, तूही पुढच्या घरी सांग.