गळाभर पाण्याखालचे शिणाणे

कानवडीच्या किनाऱ्यावर एक काळा कातळ पायऱ्यापायऱ्यांनी समुद्रात उतरत गेला आहे. त्याला हिरव्या कडेचे शिंपले चिकटलेले असतात. गावात त्यांना शिणाणे म्हणतात. ते काढायला बाया पाण्यात उतरतात, पण पाणी गळ्याला लागले की थांबतात. त्याखाली बुडी मारायची नाही. का, असे पाहुण्यांनी विचारले की म्हातारेकोतारे आवडूची हकीकत सांगतात.

आवडू ही मासेमारी करणाऱ्या गाबतांची बाई, नजरेने तिखट. तेव्हा जाळ्यांना मासळी लागली नाही की गाव शिणाण्यांवर जगे, म्हणे. बाया गुडघाभर पाण्यातच वेचत, त्यामुळे हाताला नखाएवढेच लागत. शेजारच्या येसूची टोपली मात्र वीतभर लांबीच्या शिणाण्यांनी भरलेली असे. एकटी विधवा बाई एवढे आणते कुठून? आवडूला वाटले, हिने दर्यातल्या कुणाशी तरी संधान बांधले आहे.

एका पहाटे ओहोटीला ती येसूच्या मागोमाग गेली. येसू गळाभर पाण्यात उभी राहून पायाने चाचपत होती आणि पहारीने शिणाणे सोडवत होती, एवढेच. पण आवडूचा संशय फिटला नाही. गळ्यापाशी एवढे, तर खाली केवढे असतील? ही लपवते काय?

तिने गावाला सांगितले. पुरुष कमरेला दगड बांधून बुड्या मारायला निघाले, तशी येसू आडवी आली.

"खालच्यांका हात लावू नका. ती आवशी आसत. वरची सगळी तेंचीच पोरां."

आवडू हसली. "तुझ्या पोटातलां कळलां माका! सगळां तुकाच होयां."

पुरुषांनी बुड्या मारून खालचे शिणाणे उपसले. दोन महिने गावाने पोटभर खाल्ले. पुढच्या वर्षी कातळ बोडका झाला. गुडघाभर पाण्यातही एक पिल्लू धरले नाही. लोक म्हणाले, येसूचा तळतळाट लागला. तिला देवळापुढे उभे केले. तिथे तिने शपथ घेतली, की वर पिल्ले धरेपर्यंत मी दर्यातले काही खाणार नाही; मात्र खाली जे उरले आहेत त्यांना कोणी शिवू नये.

गावाने मानले, आवडूने नाही. ही चोरून खाणार, याची तिला खात्री होती. रोज ओहोटीला ती कातळावर पाळतीला बसे. येसू पाण्यात जाई, पायाने चाचपून रिकाम्या हाताने परत येई. आवडू तिच्या दाराशी वास घेई, उकिरडा काठीने उकरी. नाचणीच्या पेजेवर येसू वाळून काटकी झाली. अशी तीन वर्षे गेली, असे सांगतात.

एके दिवशी येसूने पाण्यातून हाक मारली. आता सापडली, म्हणत आवडू धावली. येसूने तिचा हात धरून गुडघाभर पाण्यातल्या कातळावर ठेवला. तिथे तांदळाच्या कणीएवढे काहीतरी बोटांना खरखरीत लागले. पिल्लेच होती. आवडूला हात उचलवेना.

त्याच दिवशी ती देवळापुढे उभी राहिली. "तीन वर्सां मी हिच्या उकिरड्यात शिंपले शोधलंय," ती म्हणाली. "एक मिळाक नाय." मग तिने सगळ्यांदेखत वाकून येसूचे पाय धरले.

आजही हंगामाच्या पहिल्या दिवशी गावातली एक जाणती बाई कातळावर राखणीला बसते. कोणी गळ्याखाली जाऊ नये, म्हणून ती नजर ठेवते आणि येणाऱ्या प्रत्येकीची टोपली तपासते. पण बसण्याआधी ती स्वतःची टोपली सगळ्यांसमोर पालथी करून दाखवते.