काजळवालीची तक्रार

एका बाजारगावात तान्हूबाई नावाची एक काजळवाली होती. तिचं काजळ उत्तम होतं, आणि ही गोष्ट गावापेक्षा तिलाच जास्त ठाऊक होती. तीस वर्षं ती वेशीजवळच्या चिंचेखाली बसत होती. गावात मूल जन्मलं की बारशाच्या आधी घरचं कुणीतरी तिच्याकडे यायचंच. गावातले सगळे टपोरे डोळे आपणच घडवले, असं तिला मनोमन वाटायचं.

एक दिवस समोरच्या पारावर एक नवी बाई येऊन बसली. तिचं नाव वेणू. कडेवर वर्षाची मुलगी, पुढ्यात टोपली आणि टोपलीत काजळाच्या डब्या. बसण्याआधी तिनं येऊन तान्हूबाईला वाकून नमस्कार केला.

"मावशी, तुमच्या आधारानं बसते हो इथं," ती म्हणाली.

तान्हूबाई तोंडभर हसली आणि तेव्हाच तिच्या पोटात दुखायला लागलं.

वेणूचं काजळही डोळ्यांत पसरत नव्हतं. शिवाय वेणू गोड बोलायची, लेकराच्या गालाला तीट लावून द्यायची. आठवडाभरात बायका चिंचेकडून पाराकडे वळल्या. ज्यांच्या डोळ्यांत तान्हूबाईनं त्या पाळण्यात असताना काजळ घातलं होतं, त्यासुद्धा मान खाली घालून पुढं जायला लागल्या. तान्हूबाईला अन्न गोड लागेना. शेवटी तिनं शेजारणीकरवी वेणूची एक डबी आणवली, काजळ बोटावर घेऊन चोळलं, हुंगलं. एरंडेलाच्या दिव्याची काजळी, घरचं तूप, चिमूटभर कापूर. अगदी तिचंच काजळ की हे! काही खोट सापडली असती तर तिला बरं वाटलं असतं. तशी खोट नव्हती, म्हणून ती आणखीच जळफळली.

त्या राज्यात बाजारात काहीही विकायचं तर चावडीवरून परवाना काढावा लागे. वेणू परगावची, तिला हे माहीतच नव्हतं. तान्हूबाईला माहीत होतं. समोर जाऊन सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण तिनं ते वाक्य गिळलं आणि तरातरा चावडीची वाट धरली.

चावडीवर एक म्हातारा कारकून बसायचा. "बोला बाई, काय तक्रार?" त्यानं विचारलं.

"वेशीवर एक बाई बेकायदा काजळ विकते."

"बेकायदा म्हणजे कसं? आमच्याकडे त्याला दोन शब्द आहेत. विनापरवाना की निषिद्ध?"

"दोन्ही एकच की!"

"गावात भांडताना एकच. चावडीवर नाही," कारकून म्हणाला. "विनापरवाना म्हणजे वस्तू चांगली, पण विकणाऱ्यानं परवानगी घेतलेली नाही. तो अर्ज करतो, परवाना घेतो आणि पुन्हा बसतो. निषिद्ध म्हणजे खोट वस्तूतच. ती मग कुणीच करायची नाही, कुणीच विकायची नाही. पहिला शब्द माणसाला लागतो, दुसरा वस्तूला. आणि इथली रीत अशी की, शब्द तक्रार करणाऱ्यानं आपल्या तोंडानं सांगायचा. आम्ही तो पदरचा घालत नाही."

एवढ्या सगळ्यातून तान्हूबाईच्या कानात दोनच शब्द शिरले, 'पुन्हा बसतो'. म्हणजे चार दिवसांत ही बया परवाना घेऊन परत समोर! परत तेच हसणं, परत तीच गर्दी!

"निषिद्ध," ती म्हणाली.

"खोट कसली आहे?"

याचा तिनं विचारच केला नव्हता. जे पहिलं सुचलं ते ती बोलून गेली. "कापूर घालते ती त्यात. कापरानं पोरांचे डोळे जातात."

कारकुनानं लेखणी उचलली. "नीट विचार करून सांगताय ना?"

"तीस वर्षं काजळ करतेय मी! मला विचारता?"

कारकुनानं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गावात दवंडी पिटली, "ऐका हो ऐका! कापराचं काजळ आजपासून निषिद्ध!" दोन शिपाई पारावर आले. त्यांनी वेणूच्या डब्या हुंगल्या आणि सगळी टोपली उकिरड्यावर पालथी केली. तान्हूबाईच्या काळजाला कसा गारवा मिळाला! मग शिपाई वळले आणि सरळ चिंचेखाली आले.

"अहो, माझ्याकडे परवाना आहे!" तान्हूबाई ओरडली.

"परवाना काजळ विकायचा आहे, बाई. निषिद्ध वस्तूला परवाना चालत नाही," शिपाई म्हणाला. त्यानं तिची डबी हुंगली आणि तिचीही टोपली उकिरड्यावर गेली.

तरी मत्सर बघा कसा असतो! 'माझं गेलं, पण तिचंही गेलं ना,' असं म्हणून तान्हूबाई मनाचं समाधान करत होती.

एवढ्यात वेणूच रडत रडत तिच्यापुढं आली. मुलीला तिनं छातीशी घट्ट धरलं होतं.

"मावशी, खरं का हो हे? ही जन्मल्यापासून मी हिच्या डोळ्यांत तेच घालतेय. गावातल्या किती पोरांना घातलं! मघापासून हिच्यापुढं बोट फिरवून बघतेय मी. तुम्ही जाणत्या आहात, तुम्हीच सांगा. हिचे डोळे जातील का हो?"

पोर तान्हूबाईकडे टकामका बघून हसत होती. तान्हूबाईनं तोंड फिरवायचा प्रयत्न केला, पण जमेना. खरं बोलावं तर तीस वर्षांची अब्रू जाणार. गप्प बसावं तर ही आई रोज उठून लेकीच्या डोळ्यांपुढं बोट धरून बसणार.

"नाही जाणार," ती कशीबशी म्हणाली. "कापरानं काही होत नाही. माझ्याही काजळात तोच आहे."

"मग ती दवंडी?"

"माझ्यामुळं पिटली. तुझं चांगलं चाललेलं मला बघवेना."

मुलीला सावरून वेणू एक पाऊल मागं सरकली. ते एक पाऊल तान्हूबाईला फार लागलं.

ती उठली, चावडीवर गेली आणि भरल्या चावडीत सगळं कबूल केलं. कारकुनानं 'निषिद्ध' हा शब्द खोडला, त्याजागी 'विनापरवाना' लिहिलं आणि वेणूला अर्ज करायला निरोप धाडला. मग तो म्हणाला, "खोट्या तक्रारीबद्दल तुमचा परवाना वर्षभर बंद."

"म्हणजे माझं काजळ निषिद्ध?"

"छे! तुमच्या काजळात काहीच खोट नाही. ते विकायची परवानगी तेवढी तुम्हाला नाही."

या वेळी दोन शब्दांमधला फरक तान्हूबाईला पुन्हा विचारावा लागला नाही.

चार दिवसांनी वेणू परवाना घेऊन पारावर बसली. तिच्याभोवतीची गर्दी पाहिली की तान्हूबाईच्या पोटात अजूनही दुखायचं. मत्सर का एका दिवसात जातो? एकदा वाटेत एका बाळंतिणीच्या आईनं तिला थांबवलं आणि विचारलं, "तान्हूबाई, त्या वेणूचं काजळ खरंच चांगलं आहे का हो? नातवाला घालायचंय."

भरल्या चावडीत बोलणंसुद्धा तान्हूबाईला इतकं जड गेलं नव्हतं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "बिनधास्त घाल."

तात्पर्य: परवानगी नसणं वेगळं आणि वस्तूत खोट असणं वेगळं, पण मत्सरानं पेटलेल्या माणसाला हा फरक सांगूनही ऐकू येत नाही.