तंबोऱ्याचा जीव

“...आणि ऐकू नीट येतंय काय रे बाळकू?” गुलाबचाचांनी विचारलं.

“चाचा, माझ्यासारखा कान अख्ख्या मिरजेत दुसऱ्याचा नाही!”

खोटं नाही सांगत. इतक्या मास्तरांनी इतक्या वेळा पिळलेला कान मिरजेत दुसरा सापडायचा नाही. चौथीत मी इतका रमलो की मास्तर बदलत गेले, कान तोच राहिला. शेवटी वडिलांनी उचलून चाचांच्या दुकानात आणून बसवलं.

चाचा तंबोरे बनवतात. मी त्यांच्या हाताखाली जवारी काढतो. म्हणजे काय, तर तार जिथं घोडीवर, म्हणजे तारांखालच्या रुंद पट्टीवर, टेकते ती जागा कानशीनं घासायची, पुन्हा घासायची, तार छेडून ऐकायचं, पुन्हा घासायचं. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवायचा. धागा जागेवर बसला की तार गुणगुणायला लागते. धागा काढला की नुसतीच वाजते.

त्या धाग्याला आम्ही जीव म्हणतो.

हे सगळं काम कानाचं. डोळे मिटूनच करायचं. मी तर जेवताना पण मिटतो. बायको म्हणते, भाजी बघायला नको म्हणून.

तर माझ्या जबड्यात गाठ निघाली. तंबाखूशी जन्मभर चेष्टा केली, एकदा तिनं केली. शिरेतून बाटली लावून औषध सुरू झालं. पहिल्या बाटलीच्या आधीच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “गाठीवर हे चांगलं चालतं, पण कुणाकुणाच्या कानाला बाधतं. आधी वरचे बारीक सूर जातात, माणसाला पत्ताही लागत नाही. गेले ते परत येत नाहीत. कानात काही वाजायला लागलं तर त्याच दिवशी सांगा.”

वाजायला लागलं.

रातकिड्यांची अख्खी पलटण. दिवसासुद्धा.

मी सांगितलं नाही.

“मग? काय म्हणाले दवाखान्यात?” चाचा एका नव्या तंबोऱ्यावर वाकून बसले होते.

“कानाची परीक्षा घेतली. पास!”

“कशी घेतात?”

“काचेच्या खोलीत बसवतात. कानाला डबे लावतात. काचेपलीकडं एक पोरगी मशीन घेऊन बसते. डब्यात कुंई झालं की आपण बटण दाबायचं. सगळ्यांना दाबलं!”

“सगळ्यांना?”

“एक सोडलं नाही.”

चाचा माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्यापुढं मला खोटं जमतं, पण पचत नाही.

“तिचं कोपर हलायचं ना, चाचा. मशीन दाबताना. कोपर हललं की मी बटण दाबायचो.”

मी खो खो हसलो. एवढी सुरेख चेष्टा वाया कशी घालवायची?

चाचा हसले नाहीत.

“का केलंस?”

“कानात रातकिडे वाजतायत, चाचा. आणि शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, कान बिघडला असं कळलं की औषध बंद करतात. मग? गाठ वाढू द्यायची? जीव वाचला म्हणजे झालं. कान गेले तर गेले.”

“जीव वाचला म्हणजे झालं...” चाचा म्हणाले.

“नाहीतर काय!”

“बरं. हे ऐक. मधल्या जोडीतली तार आहे. जवारी कशी बसली, सांग.”

मी मांडी घातली. डोळे मिटले. मान तिरकी केली. अशी मान करायला मला चाचांनी नाही शिकवलं. ती माझी स्वतःची.

तार वाजली.

“वा!”

जरा वेळ गेला. पुन्हा वाजली.

“वा, वा! आता जास्त खुलली. काय केलंत? जीव पुढं सरकवलात ना?”



...

मी डोळे उघडले. चाचांनी तळहात माझ्या नाकासमोर धरला होता. त्यावर सुताचा एवढासा धागा.

“मधल्या वेळात जीव काढून घेतला,” चाचा म्हणाले. “आणि तू दोनदा वा म्हणालास.”

दुकानात रातकिडे तेवढे बोलत होते, ते माझे.

तार तीच होती. मला वाटलं होतं तसंच मी ऐकलं होतं. चाळीसेक वर्षं ज्यावर पोट भरलं ते निघून गेलं, आणि जाताना दारही वाजलं नाही.

“चाचा, पण औषध बंद केलं तर...”

“जीव की कान, हे ठरवलं कुणी? बाईंनी?”

“मी.”

“कानात वाजतंय, हे त्यांना माहीत आहे?”

“...नाही.”

“मग बिचाऱ्यांनी काय ऐकून घासायचं?”

एवढं म्हणून त्यांनी धागा पुन्हा तारेखाली सरकवला आणि कामाला लागले. मला जा म्हणालेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी काचेकडं पाठ करून बसलो.

पोरगी म्हणाली, “आजोबा, मागच्या वेळी तर सगळे ओळखले होतेत!”

“मागच्या वेळी मी तुझं कोपर ओळखलं, बाळ.”

तीही हसली नाही. त्या आठवड्यात माझा एकही विनोद चालला नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. माझ्याकडं पाहिलं. मास्तरांची आठवण झाली. मी दोन्ही कान झाकून घेतले.

“वरचे काही गेलेत,” त्या म्हणाल्या. “बाकीचे शाबूत आहेत. ते राखायचं बघू. औषध कमी द्यायचं, वेगळ्या तऱ्हेनं द्यायचं की दुसरं द्यायचं, ते तुमची गाठ आणि तुमचे कान दोन्ही समोर ठेवून ठरवता येतं. पण कान खरे समोर पाहिजेत. आता दर बाटलीआधी परीक्षा.”

“बंद नाही ना करणार?”

“असं कोण म्हणालं?”

“शेजारच्या खाटेवरचे.”

“ते डॉक्टर आहेत?”

“म्हशींचे व्यापारी आहेत.”

तेव्हा मात्र त्या हसल्या. मला बरं वाटलं. अर्धा कान परत आल्यासारखं.

तिथून तडक दुकानात आलो. उंबऱ्यातूनच ओरडलो, “चाचा! नापास झालो!”

चाचांनी तंबोरा बाजूला ठेवला. आपल्या शेजारची जागा हातानं झाडली.

“मग ये, बस. पास झालेल्याला मी काय शिकवणार होतो?”