हाडातल्या दोन बहिणी

फार पूर्वी, हाडामांसालाही वाचा होती तेव्हाची गोष्ट. चांदी नावाच्या शेळीचा मागचा पाय मोडला. वैदूने बांबूच्या कामट्या बांधल्या, पाय जुळला, कामट्या सुटल्या. पण चांदी काही उठेना. मालकीण सोनाबाई बाभळीच्या शेंगा तोंडाशी आणून द्यायची, मग उठायचं कशाला?

तिच्या हाडाच्या पोकळीत मगजआई, म्हणजे हाडातली मज्जा, राहायची. तिच्या लेकी दोन तऱ्हेच्या. गवंडीण हाड बांधायची आणि चरबी ऐसपैस पसरायची. हल्ली जन्मेल ती लेक चरबीच निघत होती.

"सरक गं जाडे!" गवंडीण ओरडली. "भिंत पातळ झालीय. अशानं हाड पुन्हा मोडेल!"

"मला कशाला बोलतेस? मी काय मागून जन्मले?" चरबी फुरंगटली.

मगजआई म्हणाली, "भांडू नका गं. खुराचा दणका आला की माझ्या हातून गवंडीण घडते. दणकाच नाही, तर चरबी होते."

मग दोघींनी मिळून हाक मारली, "चांदीबाई, उठा! नाहीतर कायमच्या बसाल!"

चांदी दचकली. पाय थरथरत होता, तरी तिने खूर टेकला. दुसऱ्या दिवशी ती दारापर्यंत गेली आणि काही महिन्यांनी बांधावर चढली. आत नव्या गवंडिणी भराभर कामाला लागल्या.

"मग मी निघू का आता?" चरबीने हळूच विचारलं.

"निघतेस कुठे?" गवंडीण हसली. "बस की कोपऱ्यात. फक्त पाय पसरू नकोस!"