परसातली झाकलेली विहीर

एका व्यापाऱ्याने एकदा गावातले जुने घर विकत घेतले. मुलाचे लग्न ठरले होते आणि नव्या जोडप्यासाठी परसात दोन खोल्या बांधायच्या होत्या. पाया खणायच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याने सहज विचारले, "विहिरीचं काय केलंत?"

व्यापारी चमकला. विहीर आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. चौकशीत कळले, की चाळीस वर्षांपूर्वी नळ आला तेव्हा त्या वेळच्या मालकाने विहिरीच्या तोंडावर फरशा टाकून वर माती पसरली. विहीर बुजवली नव्हती, नुसती झाकली होती. नेमकी कुठे, हे सांगायला तो मालक आता हयात नव्हता. त्या पोकळीवर खोली उभी राहिली असती, तर एखाद्या दिवशी मुलगा आणि सून भिंतींसकट खाली गेली असती.

व्यापाऱ्याने काम थांबवले आणि पाणाड्याला, म्हणजे जमिनीतले पाणी हुडकणाऱ्या एका वृद्धाला, निरोप धाडला. वृद्धाने आधी शिष्याला पाठवले. शिष्य उंबराची बेचकी धरून परसभर फिरला. बेचकी तीन ठिकाणी वाकली. तीन खड्डे झाले. प्रत्येकात ओल लागली, विहीर काही लागली नाही.

"अजून चार ठिकाणी वाकव," गवंडी म्हणाला. "केळी लावायला खड्डे आयते होतील."

दुसऱ्या दिवशी वृद्ध स्वतः आला. त्याने खड्ड्यांकडे पाहिलेही नाही. "या घरात नांदलेलं गावात कोणी आहे का?"

"त्या जुन्या मालकाची धाकटी सून आहे, द्वारकाबाई. पलीकडच्या आळीत लेकीकडे असते," व्यापारी म्हणाला. "पण तिला दोनदा विचारलं. आठवत नाही म्हणते."

तरी वृद्धाने तिला बोलावून घेतले. सत्तरी ओलांडलेली द्वारकाबाई परसात उभी राहून गोंधळली. "फणस कुठे गेला? ही भिंत कधी आली? नाही हो, मला काहीच ओळखू येत नाही." तिचे डोळे भरून आले.

वृद्धाने एक रिकामी घागर मागवली, ती तिच्या हाती दिली आणि तिला स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभे केले. मग विचारले, "वहिनी, तुमच्या थोरल्या जाऊबाई कशा होत्या हो?"

"खड्डे झाले, आता जावांची भांडणं!" व्यापारी पुटपुटला.

म्हातारीचा चेहरा मात्र उजळला. "कशा म्हणजे? तोंडानं तिखट! पहाटे माझ्या आधी उठून म्हणायच्या, 'धाकटे, तुझ्या माहेरी सूर्य उशिरा उगवतो का गं?' बरं, एखाद्या दिवशी मी आधी उठले, तर भांडी आपटून झोप मोडली म्हणून दिवसभर फुरंगटायच्या!"

बोलता बोलता तिने घागर कमरेवर घेतली आणि पायऱ्या उतरली. मोकळ्या जागेत, काहीही आडवे नसताना, तिने एक वळसा घातला. मग दहाबारा पावले सरळ गेली. "आणि मी माहेरी निघाले की रडायच्या त्याच," असे म्हणत ती थांबली, वाकली आणि घागर खाली ठेवली.

"इथे खणा," वृद्ध म्हणाला.

दोन हातांवर फरशी वाजली.

शिष्याने हळू आवाजात विचारले, "बाबा, त्यांना तर आठवत नव्हतं ना?"

"आपण विचारत होतो तेव्हा त्या आजचं परस बघत होत्या," वृद्ध म्हणाला. "त्यात विहीर नाही, फणसही नाही. जाऊबाईंचं बोलणं निघालं, तशा त्या तेव्हाच्या परसात गेल्या. फणसाला वळसा घातला, पाहिलंस ना? वाट त्यांच्या पायांत होती. तू पाणी शोधत होतास, आणि पाणी काय, सगळीकडेच आहे. विहीर माणसांच्या जाण्यायेण्यात शोधायची असते."

फरशा निघाल्या. गार, ओला वास वर आला. काठाच्या काळ्या दगडावर दोराने पडलेल्या दोन खाचा शेजारी शेजारी होत्या. द्वारकाबाई खाली बसली आणि एका खाचेत तिने बोट ठेवले. "ही माझी बाजू." दुसरीला तिने कितीतरी वेळ हात लावला नाही.

व्यापाऱ्याने गवंड्याला खोल्या पलीकडे सरकवायला आणि इथे कठडा बांधायला सांगितले. मग तोही मातीच्या ढिगावर टेकला.

"जाऊबाईंचं नाव काय होतं?" त्याने विचारले.

"सत्यभामा," म्हातारी म्हणाली. "थोरल्या ना त्या. नाव मी आजच घेतलं."