बादलीचं जावळ

“मग, झाली का न्हाई वस्ताद?”

समरजितनं पुन्हा विचारलं. बाळाप्पा वस्ताद पुन्हा काही बोलले नाहीत.

हात पाठीमागं बांधून ते गाडीभोवती फिरत होते. बाजारात म्हैस बघायला आलेला जाणता माणूस फिरतो तसे, हात न लावता, घाई न करता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एका फाउंड्रीच्या मागच्या अंगाला, वस्तादांचं पत्र्याचं शेड. तिथं एकाच जातीची गाडी जन्माला यायची. दोन माणसं कशीबशी मावतील एवढं घंगाळाएवढं अंग. दार नाही, टप नाही, बॉनेट तर नाहीच. सगळं इंजिन उघडं, जगासमोर. पुढची चाकं बारीक, मागची थोराड. अमेरिकेतले शौकीन जुन्या फोर्डच्या सांगाड्यावर असली गाडी बांधतात आणि तिला टी-बकेट म्हणतात. उद्यमनगरात एवढं लांबड कोण लावणार? बादली म्हणाले, विषय संपला.

शेडचा एक रिवाज होता. शिष्यानं गाडी बांधावी, रंगवावी, नारळ फोडावा, पेढे वाटावेत. पण वस्ताद तोंडानं ‘झाली’ म्हणत नाहीत तोवर ती झालेली नसते. कुणी विचारलंच तर खाली मान घालून सांगायचं, काम चालू आहे म्हणून. कितीतरी जुने शिष्य, पोरी लग्नाला आल्या तरी, अजून तेच सांगत गावात हिंडत होते.

समरजित इंगवल्याला ते सांगायचं नव्हतं.

गडी याच शेडात शिकलेला. हात सोन्याचा, आणि ते त्याला स्वतःला ठाऊक, एवढीच काय ती अडचण. एकदा वस्तादांनी त्याचं वेल्डिंग कापून परत करायला लावलं, तसे त्यानं हातमोजे काढून टेबलावर टाकले. म्हणाला, “तुमच्यापेक्षा भारी बादली बांधून ह्याच दारात आणून उभी करतो का न्हाई बघा.”

वस्ताद म्हणाले होते, “आण.”

त्यानंतर काही वर्षं त्यानं शेडाचं तोंड बघितलं नव्हतं. आज आणली होती.

आणि खोटं कशाला बोला, फाउंड्रीतली माणसं हातातलं काम टाकून बघायला आली होती. रंग असा, की जांभळा म्हणावा तर काळा, काळा म्हणावा तर आत कुठंतरी लाल पेटलेलं. आठ सिलिंडरचं इंजिन, त्याचा नट न् नट क्रोम केलेला. चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे क्रोम. खालच्या बाजूला, जिथं कुणाचा बाप वाकून बघणार नाही, तिथंही क्रोम. एक फिटर टोपी काढून नुसता उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी पुण्यात प्रदर्शन होतं. कुठून कुठून हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन यायचे होते, आणि पहिला नंबर कुणाचा याबद्दल समरजितच्या मनात तरी शंका नव्हती. बाहेर ट्रक थांबला होता. गाडी परत चढवायला फळ्या लावूनच ठेवल्या होत्या. फक्त वस्तादांचा तेवढा एक शब्द सोबत न्यायचा होता. तो मिळाला नाही, तर पुण्याचा करंडक उशाला घेऊनही आपल्याला झोप यायची नाही, हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

वस्ताद मागच्या चाकापाशी थांबले. उकिडवे बसले.

“कशातनं आणलीस?”

“ट्रकातनं.”

“कुठनं?”

“घरातनं. कळंब्यातनं.”

“कळंबा लई लांब गेला व्हय अलीकडं?”

“रस्ता बघितलाय का वस्ताद? सगळी खडी वर आलीया. एक जरी उडाली तरी...”

“हं...”

नव्या टायरवर रबराची बारीक बारीक केसं असतात. गाडी दोन-चार गावं फिरली की ती झिजून जातात, कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. या टायरवर ती जिथल्या तिथं होती. वस्तादांनी त्यातलं एक नखानं हळूच उडवलं.

“हिचं जावळ काढलं न्हाईस अजून.”

फाउंड्रीतली माणसं हसली. समरजितचे कान तापले.

“प्रदर्शन झाल्यावर चालवणारच हाय की.”

“पुण्याचं?”

“पुण्याचं... आन् मग मुंबईला एक हाय.”

“मुंबई झाल्यावर?”

मुंबई झाल्यावर बंगळूर होतं.

“चालू कर,” वस्ताद म्हणाले.

यात मात्र समरजितला कसली भीती नव्हती. त्यानं वाकून किल्ली फिरवली.

शेडाचे पत्रे थरथरले. कपातला चहा गोल गोल हलायला लागला. हसणारी माणसं हसायची थांबली आणि एक पाऊल मागं सरली, कुणी सांगितलं नसताना. आवाज कानात शिरत नव्हता, थेट बरगडीत उतरत होता. वस्ताद डोळे मिटून उभे होते. बराच वेळ त्यांनी ते उघडलेच नाहीत.

समरजितला वाटलं, आता. आता म्हणतील.

वस्तादांनी डोळे उघडले. गळ्यातला मफलर सोडून डोक्याला गुंडाळला. एका हातानं पँट वर धरली, बादलीच्या काठावरून एक पाय आत टाकला, मग दुसरा. डावीकडच्या जागेवर जाऊन बसले आणि हाताची घडी घातली.

“कुठं निघालाय वस्ताद?”

“गगनबावड्याला.”

घाटापर्यंत पन्नासेक किलोमीटर; समरजितला आधी वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण वस्तादांची चेष्टा त्याला ओळखता येत होती आणि ही ती नव्हती.

“वस्ताद, उसाच्या ट्रॉल्या चालू हायत त्या रस्त्याला. धूळ, चिपाडं, खडी. रंग ऱ्हायचा न्हाई. उद्या पुण्यात कुठल्या तोंडानं उभा ऱ्हाऊ मी?”

वस्ताद समोर बघत होते.

“संध्याकाळपर्यंत गाडी पोचवायची हाय तिथं. ट्रकवाला थांबलाय.”

वस्ताद सीटवर जरा मागं टेकले.

“तुम्ही नुसतं बघून सांगा की. एवढं बघितलं, त्यात काय कळलं न्हाई व्हय तुमाला?”

वस्तादांनी मफलरची गाठ जरा आवळली. बस्स.

एका बाजूला ट्रकाच्या फळ्या, दुसऱ्या बाजूला त्याच्या गाडीत मुकाट्यानं बसलेला म्हातारा. समरजित मध्ये उभा. इंजिन आपलं चालूच. त्याच्या मनात राग होता, अगदी सरळ राग. इतक्या रात्री जागून बांधलेली वस्तू हा माणूस एका सकाळीत मातीत घालायला निघाला होता. आणि तरी तोच माणूस नको म्हणाला, तर ती वस्तू आपल्याला कधी आपली वाटायची नाही, हेही त्याला तितकंच कळत होतं.

तो ट्रकवाल्याकडं गेला. “थांबा जरा. आलोच.”

“जरा म्हंजे किती?”

समरजित तोवर गाडीत चढला होता.

रंकाळा मागं पडेपर्यंत तो नव्या सुनेला मिरवावं तसा गाडी चालवत होता. खड्डा दिसला की वळसा, खडी दिसली की ब्रेक. सायकलवाले पुढं निघून जात होते. फुलेवाडीच्या पुढं पंपावर थांबावं लागलं, कारण टाकीत प्रदर्शनात चालू करून दाखवण्यापुरतंच पेट्रोल होतं. त्या टाकीत त्यानं आजवर कधी पोटभर घातलंच नव्हतं. पंपावरचा माणूस नळी हातात धरून बघतच राहिला.

“काय हाय हे?”

“बादली.”

“चालती व्हय?”

समरजित म्हणाला, “बघू.”

बालिंग्याचा पूल ओलांडला आणि पहिला खडा लागला. टण्णकन. समरजितचा पाय आपोआप ब्रेककडं गेला. त्यानं वस्तादांकडं बघितलं. वस्ताद नदीकडं बघत होते.

दुसरा लागला. मग तिसरा.

मग किती लागले कुणास ठाऊक. कारण पुढं रस्ता मोकळा झाला, दोन्ही अंगांना ऊस उभा राहिला, आणि समरजितनं पहिल्यांदा पाय जरा खाली दाबला.

बादली पुढं झेपावली. पाठ सीटला चिकटली. आणि त्याच वेळी त्याची नजर पुढच्या चाकांवर गेली.

मर्दांनो, माणूस जन्मभर गाडी चालवतो, पण आपल्या गाडीची चाकं धावताना त्याला कधी दिसतात का? पत्र्याआड असतात. ही दिसत होती. डावं चाक खड्ड्यात उतरत होतं, वर येत होतं. पाटा वाकत होता, परत सरळ होत होता. स्टिअरिंगची कांब त्यानं स्वतः कापलेली, स्वतः घासलेली, फडक्यानं शंभरदा पुसलेली. त्यानं मनगट जरासं वळवलं की ती कांब सरकायची आणि चाक वळायचं. मनगट, कांब, चाक, रस्ता. मध्ये काही लपवलेलं नाही.

हे त्यानं बांधलं होतं. आणि हे त्याला माहीत नव्हतं.

त्यानं मनगट उगीचच पुन्हा वळवलं, नुसतं बघायला. चाक वळलं.

नडग्यांना इंजिनाची ऊब लागत होती आणि तोंडावर उसातली गारठा धरलेली हवा. कळे गावाच्या अलीकडं कुठंतरी गुऱ्हाळ पेटलेलं होतं. गुळाचा वास आला तो येतच राहिला, गाडीत शिरला, अंगावरून गेला, जणू ते गुऱ्हाळातूनच निघाले होते. उसाच्या गाडीवर बसलेल्या एका म्हातारीनं त्यांना बघून हात जोडले. समरजितला तिला सांगावंसं वाटलं, आजी, मीपण तेच करतोय.

त्याला रडू आलं. वारा होता, पण ते वाऱ्यामुळं नव्हतं. त्यानं पुसलंही नाही. शेजारी वस्ताद हाताची घडी घालून बसले होते, मफलरचं टोक फडफडत होतं.

असळजच्या पुढं डोंगर जवळ आले. वळणं सुरू झाली. प्रत्येक वळणावर इंजिनाचा आवाज डोंगराला लागून परत यायचा, आणि समरजितला वाटायचं, पुढून कुणीतरी आपल्याला हाक मारतंय. त्यानं खड्डे चुकवायचं कधी सोडलं, त्याचं त्यालाच कळलं नाही.

गगनबावड्याला घाटाच्या तोंडाशी त्यानं गाडी कडेला घेतली. किल्ली फिरवली.

शांत झालं... एवढं शांत, की तापलेलं लोखंड निवताना टिक् टिक् करतं तेही ऐकू यायला लागलं.

खाली कोकण पसरलं होतं, धुरकट, निळं. दोघंही बघत बसले.

मग समरजित उतरला आणि पुढं गेला. नाकाडावरचा रंग जागोजागी उडाला होता. क्रोमवर लाल माती बसली होती. पाट्यात उसाचं चिपाड अडकलं होतं. तो वाकून बघत होता, एक एक टवका, बोट लावून. आता वाईट वाटेल म्हणून तो वाट बघत होता. वाईट वाटत नव्हतं. त्याचंच त्याला नवल वाटलं.

खिशातला फोन वाजला. ट्रकवाला.

“अवो, येताय का न्हाई? पुण्याला पोचायला रात हुईल मला.”

समरजितनं एकवार गाडीकडं बघितलं.

“जावा तुम्ही,” तो म्हणाला. “तुमचं भाडं देतो मी. गाडी न्हाई यायची.”

फोन खिशात टाकून तो पुन्हा चाकापाशी बसला. हात घालून पाट्याच्या बोल्टाला चाचपून बघायला लागला.

“सकाळधरनं कायतरी इचारत हुतास,” वस्ताद गाडीतूनच म्हणाले.

“हुतो...”

“मग?”

“ऱ्हाऊ द्या वस्ताद.” त्यानं मान वर केली नाही. “हे डावं चाक वळणावर जरा दबतंय. पाटा बदलून बघाय पायजे. पातळ झाला माझ्याकडनं.”



खालून वारा वर येत होता. वस्तादांनी हाताची घडी सोडली. काठाला धरून, पँट सावरत, सावकाश खाली उतरले. गाडीला वळसा घालून उजव्या अंगाला आले. स्टिअरिंगवर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला.

समरजित उठून उभा राहिला.

“बस तिकडं,” वस्ताद म्हणाले. “आता मला चालवू दे.”