काशिनाथशेठचा संगणक आणि अर्ध्यावर राहिलेली गोष्ट

एकदा एका तालुक्याच्या गावी एक संगणक हट्टाला पेटला. सकाळी तो सुरू केला की पडद्याच्या मधोमध एक चौकट उमटे. 'नवीन अपडेट तयार आहे. आता करायचे की नंतर?' मालक निमूटपणे 'नंतर' दाबीत. चौकट जाई आणि अर्ध्या तासाने पुन्हा दारात उभी राही. हे सांगताना मला थोडे हसू येते, कारण ते 'नंतर'चे बटण मीही आयुष्यभर दाबत आलो आहे, आणि तुम्हीही काही मागे नसाल. त्या संगणकाच्या मालकांवर मात्र हसण्याची वेळ नव्हती.

मालकांचे नाव काशिनाथशेठ हिंगमिरे. वय वर्षे एकाहत्तर. गावातली लाकडाची मोठी वखार एकेकाळी ते चालवीत. साठी उलटल्यावर त्यांनी ती मुलाच्या स्वाधीन केली आणि स्वतः मोडी लिपी शिकायला बसले. नुसते शिकून थांबले नाहीत. रोज सकाळी दहा ते अकरा ते आपल्या संगणकावरून मोडीचा वर्ग घेत. विद्यार्थी नऊ. त्यांत नागपूरचे एक वकील होते, बेळगावची एक परिचारिका होती, आणि एक गृहस्थ तर मस्कतहून हजेरी लावीत. शेठ एखाद्या जुन्या कागदाचे छायाचित्र पडद्यावर लावीत, बाण एकेका अक्षरावर फिरवीत, आणि अक्षर ओळखू येणार एवढ्यात ती चौकट नऊही जणांच्या डोळ्यांपुढे येऊन बसे.

चौकटीवर भागले असते तरी चालले असते. पण दोनदा भर वर्गात संगणक आपल्या मनानेच बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. दुसऱ्या वेळी शेठ खटपट करून परत वर्गात आले तेव्हा नवांपैकी सहा जण निघून गेलेले होते. शेठना ते फार लागले. "आपलं वय झालं, दुसरं काय!" असे म्हणत त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक निरोप लिहिला: येत्या सोमवारपासून वर्ग बंद. तो पाठवायचा तेवढा बाकी होता.

गावात शलाका नावाची तरुणी संगणक दुरुस्तीचे दुकान चालवीत असे. हात चलाख, बुद्धी त्याहून चलाख, आणि आत्मविश्वास असा की यंत्र उघडण्याआधीच आजार सांगून मोकळी होई. शेठच्या संगणकासाठी ती चार वेळा येऊन गेली होती. पहिल्या खेपेस तिने अर्धवट उतरलेल्या फायली पुसल्या. दुसऱ्या खेपेस अपडेटची आतली यंत्रणा बंद करून नव्याने चालू केली. तिसऱ्या खेपेस जागा रिकामी करून दिली. चौथ्या खेपेस तिने सूचनांचा आवाजच बंद केला. "आता विचारणारच नाही, काका," असे हसत सांगून ती गेली. सहा दिवस घरात शांतता होती. सातव्या दिवशी संगणकाने काहीएक न विचारता भर वर्गात डोळे मिटले. सहा विद्यार्थी गेले ते त्या दिवशी.

प्रत्येक खेपेला शलाका एक प्रश्न न चुकता विचारी, हे इथे नमूद करायला हवे. "शेठकाका, संगणक नीट बंद करता ना?" आणि प्रत्येक खेपेला शेठ सुरुवात करीत, "त्याचं असं आहे बघ, आमच्या वखारीला आग लागली होती ना, त्या वर्षी..." की शलाका म्हणे, "काका, ते नंतर ऐकते हं. आधी हे बघू दे." आगीचा आणि अपडेटचा काय संबंध? तिच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटले असते.

शेवटी तिने निदान सांगितले, की सगळे पुसून संगणक नव्याने उभा करावा लागेल. शेठच्या संगणकात गावोगावच्या लोकांनी विश्वासाने पाठवलेल्या चौदाशे मोडी कागदांची छायाचित्रे होती. शलाका म्हणाली, "सगळं आधी दुसरीकडे काढून ठेवीन, एकही जाणार नाही." पण शेठनी 'पुसून' एवढाच शब्द ऐकला आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांचा तो चेहरा शलाकाला चैन पडू देईना. ती आपल्या गुरूंकडे गेली. सबनीस सर आयटीआयमध्ये तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेले. यंत्रांविषयी गावात शेवटचा शब्द त्यांचा.

"सर, पुसण्यावाचून गत्यंतर नाही. तुम्ही नुसते सोबत चला. तुमच्या शब्दाने शेठकाकांना धीर येईल."

"धीर देऊ की. पण आधी त्यांना भेटू तर दे," सर म्हणाले.

शुक्रवारी दोघे पोचले तेव्हा वर्ग नुकताच संपला होता. सरांनी संगणकाकडे पाहिलेसुद्धा नाही. शेठच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि शांतपणे विचारले, "शेठ, संगणक बंद कसा करता?"

शेठनी सवयीने आधी शलाकाकडे पाहिले. "त्याचं असं आहे, आमच्या वखारीला आग लागली होती..." एवढे बोलून ते थांबले. आता कोणीतरी आपल्याला थांबवणार, याची त्यांना खात्रीच होती.

"बरं, मग?" सर म्हणाले आणि खुर्ची आणखी पुढे सरकवली.

तेवढ्यात शलाकाचा फोन वाजला. कोणाचा तरी प्रिंटर कागद गिळून बसला होता. तिला तर बरेच झाले. वखारीच्या आगीतून सुटका झाली म्हणून ती लगबगीने बाहेर गॅलरीत गेली आणि चांगली वीस मिनिटे बोलत राहिली.

ती परत आत आली आणि दारातच थबकली. सबनीस सर भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांनी आपला उजवा तळवा स्विचबोर्डावर घट्ट दाबून धरला होता. समोर काशिनाथशेठ लालबुंद होऊन उभे.

"सर, हात काढा."

"नाही काढणार."

"अहो, घर माझं, बोर्ड माझा! तुम्ही एवढे जाणते, आणि हे काय मांडलंय?"

"थोडा वेळ शेठ. एवढं माझं ऐका."

संगणकाच्या निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे होती: 'अपडेट होत आहे. बारा टक्के. कृपया संगणक बंद करू नका.'

शलाकाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्यांच्या शब्दाला अख्खे गाव मान देते, ते आपले गुरू लोकाच्या घरी लहान मुलासारखा हट्ट करताहेत! ती जवळ जाऊन हळूच म्हणाली, "सर, काय करताय? ते चिडलेत." सर म्हणाले, "खुर्ची दे इकडे. पाय दुखायला लागले." मग ते खुर्चीवर बसले, पण हात काही खाली घेतला नाही. उजवा अवघडला की डावा लावीत. शेठच्या सूनबाई चहा घेऊन आल्या आणि हे दृश्य बघून कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. सरांनी एका हाताने चहा घेतला, दुसरा हात बोर्डावरच. मध्येच संगणक स्वतः बंद होऊन पुन्हा सुरू झाला. शेठ ताडकन उठले. सरांनी नुसती मान हलवली. शेठ कुरकुरत खाली बसले.

सदतीस मिनिटे अशी गेली. मग पडद्यावर शंभर टक्के झाले, पडदा काळा झाला, खालच्या डब्यातला पंखा घरघरत थांबला आणि त्याचा लहानसा हिरवा दिवा विझला. तेव्हा कुठे सरांनी हात काढला, तळवा चोळला आणि म्हणाले, "आता दाबा, शेठ. आता तुमचं बटण."

शेठनी भिंतीवरचे बटण बंद केले. थोडे थांबून पुन्हा चालू केले. संगणक सुरू झाला. चौकट आली नाही. सगळे पडद्याकडे बघत उभे राहिले, तरी आली नाही. शलाकाने पुढे होऊन अपडेटची यादी उघडली. जुन्या सगळ्या ओळींपुढे 'अयशस्वी' लिहिलेले होते, आणि तिने आता पहिल्यांदाच पाहिले की त्या साऱ्यांची वेळ सकाळी अकराच्या पुढची होती. अपवाद दोनच. ते वर्गात संगणक बंद पडला त्या दिवसांचे. सर्वांत वरची, आजची ओळ तेवढी 'यशस्वी' होती.

"सर, मला काहीच कळलं नाही," ती म्हणाली. आणि असे म्हणायला तिला जड गेले, हेही खरे.

सर म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी भर दुपारी यांच्या वखारीला आग लागली. हापिसातला टेबलफॅन त्याच्या बटणावर बंद केलेला होता, पण भिंतीवरचं बटण चालूच राहिलं होतं. तिथली वायर तापली. त्या दिवसापासून शेठ कुठलीही वस्तू बंद केली की त्याच दमात भिंतीवरचं बटण बंद करतात. सवय चांगली आहे, ती मोडू नये. फक्त संगणकाला बंद व्हायला वेळ लागतो. वर्ग संपला की शेठ 'बंद करा' म्हणायचे, तो बिचारा अपडेटचं काम काढायचा, आणि दुसऱ्याच मिनिटाला त्याची वीज जायची. दुसऱ्या दिवशी केलेलं सगळं उलटं फिरवून तो पुन्हा पहिल्यापासून विचारायचा. भर वर्गात त्याने काम काढलं, तेव्हाही घाबरून यांनी बटणच दाबलं. त्याला हट्टी कशाला म्हणायचं? हाती घेतलेलं काम कोणी पुरं होऊ दिलं असतं, तर तो कधीच गप्प बसला असता."

शलाकाने यादीतल्या वेळा पुन्हा एकदा पाहिल्या.

"तुझा प्रश्न अचूक होता. चारही वेळा अचूक होता," सर म्हणाले. "उत्तर सुरू झालं की मात्र तू उठायचीस. जो पुन्हा पुन्हा तेच बोलतो, त्याला आपण कंटाळतो. त्याला शेवटपर्यंत कोणी पोचू दिलेलं नसतं, हे आपल्या ध्यानात येत नाही. यंत्राचं तेच आणि माणसाचंही तेच. आणि ऐक, शेठची गोष्ट वायरीपाशी संपत नाही. पुढची मी सांगणार नाही. ज्यांची आहे त्यांच्याकडून ऐक."

शेठ संकोचले. "जाऊ द्या हो सर. तिला कामं असतात."

शलाकाने फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि ती शेठच्या समोर, सरांच्या त्याच खुर्चीवर बसली. "सांगा शेठकाका."

"लांबण लागेल गं."

"लागू दे."

मग शेठ बोलले. लाकूड जळाले त्याचे त्यांना फारसे काही नव्हते. वर्षभरात वखार पुन्हा भरली. पण हापिसाच्या माळ्यावर आजोबांची एक पत्र्याची पेटी होती. सगळी मोडी पत्रे. घरात कोणाला मोडी येत नसे. वडील नेहमी म्हणत, कोणाकडून तरी वाचून घेऊ एकदा. शेठही तेच म्हणत. आगीनंतर पेटीतून एकच कागद हाती लागला, तोही अर्धा. तो एक कागद वाचता यावा म्हणून शेठ साठीनंतर मोडी शिकले.

"काय होतं त्यात?" शलाकाने विचारले.

"आजोबांनी कोणाला तरी लिहिलंय. 'चिरंजीव बाळाचे बारसे येत्या पंचमीस योजिले आहे, तरी आपण जरूर...' पुढचं जळालं. ते बाळ म्हणजे माझे वडील. बोलावलं कोणाला, ते आले की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही. वडील होते तोवर वाचून घेतलं असतं तर! म्हणून म्हटलं, निदान इतरांच्या पेट्या तरी वेळेत वाचल्या जाव्यात. त्यासाठी हा वर्ग. नाहीतर मला काय गं, लाकूडवाल्याला, शिकवण्याची हौस?"

शलाकाचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत. ज्या वर्गातून सहा माणसे उठून गेली, तो वर्ग म्हणजे या माणसासाठी काय होता, हे तिला आत्ता समजत होते. आणि एकट्या सूचनेचाच आवाज आपण बंद केला नव्हता, हेही तिला उमगले. ती एवढेच म्हणाली, "शेठकाका, तो निरोप पाठवू नका."

शेठनी निरोप उघडला, एकदा वाचला आणि पुसून टाकला. सोमवारी दहा वाजता वर्ग भरला. त्या दिवशी सात जण आले, आठवड्याभरात नऊही. वर्ग संपला की शेठ आता संगणक बंद करून हिरवा दिवा विझेपर्यंत शांत बसतात आणि मगच भिंतीकडे वळतात.

त्यानंतर शलाका त्या घरी कितीतरी वेळा गेली. कधी कामासाठी, कधी सहजच. शेठ अनेक विषयांवर बोलतात, हसतात, मोडीतली नवी गंमत दाखवतात. वखारीच्या आगीची गोष्ट मात्र त्यांनी तिला पुन्हा कधी सांगितली नाही.